मेघपट्टीचा मनोरा

मी एक जुना घड्याळाचा मनोरा आहे. उंची बोटभर, अंग प्लास्टिकचं. हसू नका, मित्रांनो. माझ्या गावात माझ्याहून उंच काहीच नव्हतं.

माझं गाव मेघपट्टी. ते नकाशात सापडायचं नाही, ते टीव्हीवरच्या एका कार्टून मालिकेत होतं. तिथे ढग छपरांवर येऊन बसत आणि माझ्या काट्यांवर सदा चार वाजून दहा मिनिटं, म्हणजे शाळा सुटण्याची वेळ. मालिका इतकी गाजली की दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यांतून आमचं गाव तुकड्या-तुकड्याने घरोघर निघालं. कुणाच्या डब्यात पूल, कुणाच्या डब्यात टपालघर. मी निघालो कुंभकोणममध्ये, पंकजाबाईंच्या स्वयंपाकघरात.

त्यांची लेक श्रीलक्ष्मी तेव्हा सहा वर्षांची होती. जवळच्या आडुतुरै गावाला जाताना ती मला मुठीत धरून आगगाडीच्या खिडकीशी बसे. भातशेतांपलीकडे खरी मेघपट्टी दिसेल अशी तिची खात्री होती. खरं सांगू? तिच्याबरोबर मीही शोधत असे.

नवरात्रात त्यांच्याकडे पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडत. खालच्या पायरीवर आमचं गाव. कोलू पाहायला आलेले पाहुणे तमिळमध्ये विचारत, तुम्ही मराठी, मग तुमचं मूळ गाव कोणतं? श्रीलक्ष्मीचे वडील विष्णुवर्धन अडखळत. पूर्वज मराठा राजांच्या काळी इकडे आले एवढंच ठाऊक. कोणत्या गावाहून, ते घरात कुणालाच आठवत नव्हतं. एका वर्षी ते असेच घुटमळत असताना श्रीलक्ष्मीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हें आमचें ऊर!"

ऊर म्हणजे तमिळमध्ये गाव. सगळे हसले. विष्णुवर्धनही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझी तर चांगली सहा वर्षं गेली. मग मालिका बंद पडली. पूल तुटला, टपालघर हरवलं, माझा एक काटा पुसला गेला. यंदा श्रीलक्ष्मी चौदा वर्षांची झाली. कोलू मांडताना पंकजाबाई म्हणाल्या, "कार्टूनच नाही, आतां हें कशाला?" मदतीला आलेल्या मैत्रिणींना लाजून श्रीलक्ष्मीने मान फिरवली. मी भंगाराच्या पिशवीत गेलो. मला फार वाईट वाटलं, ते का लपवू?

सातव्या दिवशी नवे शेजारी आले आणि तोच जुना प्रश्न विचारला. विष्णुवर्धन उठले, दाराजवळच्या पिशवीतून मला काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि खालच्या पायरीवर ठेवलं.

"अहो, हें काय!" पंकजाबाई म्हणाल्या.

"आतां बसलें. हलवूं नको."

एकदा कोलूवर बसलेलं काही विजयादशमीपर्यंत हलवायचं नसतं. पंकजाबाई काय करणार? त्यांनी माझ्यापुढे एक झेंडूचं फूल ठेवलं.

विजयादशमीच्या संध्याकाळी एका बाहुलीला आडवं करून निजवतात, म्हणजे कोलू संपला. दरवर्षी तो मान राजा-राणीच्या लाकडी जोडीचा. यंदा श्रीलक्ष्मीने मला निजवलं. वाकून हळूच म्हणाली, "नीज. पुढल्या वर्षीं उठवतें." आडवं झाल्यावर मला छताजवळ धुपाचा धूर दिसला. तो अगदी आमच्या ढगांसारखा बसला होता.

मित्रांनो, जुनं खेळणं जरूर टाका. पण टाकण्याआधी घरात एकदा सगळ्यांना विचारा, यात कुणाचं गाव तर नाही ना?