पेटीतली हाक

मी एक जुनी, हातभर लांबीची विजेची पेटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मी आता दमले आहे. शिकलीसवरली मंडळी मला सिंथेसायझर म्हणतात. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत मात्र मला सगळे ‘करंटची पेटी’ म्हणायचे, आणि मला तेच नाव आवडतं. माझ्या पट्ट्या इतक्या बारीक आहेत की मोठ्या माणसाने एकीवर बोट ठेवलं की शेजारणीलाही धक्का लागतो. पाहणाऱ्याला मी खेळणंच वाटते. माझा जन्मही खेळणं म्हणूनच झाला.

कुठल्या तरी दूरदेशीच्या कारखान्यात मला बनवलं. चादरींचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाने मला मुंबईहून आपल्या लेकीसाठी आणलं. लेकीचं मन आठवड्यातच उडालं, आणि मी त्या गृहस्थाच्या धाकट्या भावाकडे, चन्नवीरकडे आले. चन्नवीर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. दिवसभर मागांचा खडखडाट कानांत भरून तो घरी यायचा, मला मांडीवर घ्यायचा आणि एकच पट्टी दाबून ठेवायचा. एकच लांबलचक सूर. त्याची बायको गौरम्मा स्वयंपाकघरातून ओरडायची, “साकु बिडरी! पुरे झालं. शेजारचे म्हणतील, ह्यांचा फ्रीज बिघडलाय.”

माझ्यात एक खुबी आहे. माझ्या अंगावर एक छोटा माइक आहे. त्याच्यासमोर कुणी क्षणभर आवाज काढला की तो मी धरून ठेवते. मग पट्टी दाबली की तोच आवाज निघतो. वरच्या पट्ट्यांवर तो कोकरासारखा बारीक होतो, खालच्या पट्ट्यांवर रेड्यासारखा जाड. मधल्या एकाच पट्टीवर तो जसाच्या तसा असतो. पण माझी ही आठवण सेलवर चालते. सेल काढले की आवाज गेला, कायमचा. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

त्याच कारखान्यात अजिनाथ नावाचा धनगर मागावर कामाला लागला. घरची मेंढरं भावावर सोपवून तो शहरात आला होता, आणि आल्या दिवसापासून त्याचा जीव तिकडे लागलेला. जेवणाच्या सुट्टीत तो चन्नवीरला माळावरचे आवाज करून दाखवायचा. वाळलेल्या गवतातून वारा कसा जातो, म्होरक्या मेंढीच्या गळ्यातली घाट, म्हणजे घंटा, कशी वाजते, तहानलेलं कोकरू कसं ओरडतं. चन्नवीर एकदा म्हणाला, “हे समदं पेटीत भरू या की.” कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघे मला मोटरसायकलवर बांधून वैराग रोडच्या माळावर घेऊन गेले. तिथे अजिनाथने दोन्ही हात तोंडाशी धरून माझ्या माइकसमोर आपली मेंढरं बोलवायची हाक मारली, “हुर्रयोऽऽ!” मी ती धरून ठेवली. त्यानंतर मी दुसरा आवाज कधी धरला नाही, कारण चन्नवीरने धरू दिला नाही.

अशा सुट्ट्या जोडून जोडून, माळावर टेपरेकॉर्डर लावून त्यांनी एक कॅसेट केली. जोडीचं नाव ठेवलं ‘खुरवाट’. माझे लांब सूर, मागे घाटांची किणकिण, आणि मध्येच कुठे तरी खूप लांबून येणारी अजिनाथची हाक. त्यात ताल नव्हता, शब्द नव्हते. कॅसेटच्या दुकानातल्या विरुपाक्षने ती लावली, गालावर हात ठेवून बराच वेळ ऐकली आणि शेवटी विचारलं, “ह्यात गानं कवा सुरू हुतंय?” एका वरातीत कुणी हौसेने लावली, तर लोकांना वाटलं करंट गेला. तेव्हा लोकांना नाचायचं होतं, त्यात त्यांची काय चूक? कॅसेटी खोक्यात राहिल्या आणि खोकं माळ्यावर गेलं.

अजिनाथला पुढे शहर सोसेना. तो मेंढरांकडे परत गेला. चन्नवीरने मला कारखान्यातल्या एका डागी टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलं. त्यानंतर मला वाजवणं झालं नाही, पण माझे सेल मात्र तो न चुकता बदलायचा. आधी मला घरच्या विजेला जोडायचा, मग जुने सेल काढून नवे घालायचा, म्हणजे मधल्या वेळात हाक पुसली जाऊ नये. गौरम्मा चिडवायची, “घरच्या टॉर्चला सेल न्हाईत आन वाजत न्हाई त्या पेटीला दर साली नवे!” चन्नवीर म्हणायचा, “टॉर्चमधी अजिनाथ हाय का?”

बाजाराला सोलापुरात आला की अजिनाथ घरी डोकवायचा. चहा घेता घेता मला खाली काढायला लावायचा, मधली पट्टी दाबायचा, स्वतःची हाक ऐकून पोट धरून हसायचा. “अजून हाय व्हय मी ह्यात?” म्हणायचा. गेल्या वर्षी तो आजारी पडला आणि गेला. त्या दिवशी घरी आल्यावर चन्नवीरने आधी मला उघडून सेल चाचपले.

आणि मग, मित्रांनो, आमचं कौतुक सुरू झालं. कुणाला तरी पुण्याच्या जुन्या बाजारात आमची कॅसेट सापडली. त्याने ती इंटरनेटवर टाकली. कानात हेडफोन घालून बसणाऱ्या तरुण मुलामुलींनी ती ऐकली, एकमेकांना ऐकवली आणि मग सगळी भांडूनभांडून लिहायला लागली. हे रानातलं इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, काळाच्या फार पुढचं आहे, आपण सगळ्यांनी या माणसांवर अन्याय केला आहे. मानसिंग नावाच्या एकाने तर आमच्या दोन सुरांमधल्या शांततेवर भलामोठा लेख लिहिला. खरं तर त्या शांततेत चन्नवीर पायाला चावलेली मुंगी शोधत होता. पण लेख मनापासून लिहिलेला होता, त्यामुळे मला हसू आलं तरी राग आला नाही. त्याची मैत्रीण पूनम हिने चन्नवीरचा पत्ता शोधून काढला. दोघे घरी आले, चन्नवीरच्या पाया पडले. कारखान्यातून निवृत्त झालेला, गुडघे धरून उठणारा तो माणूस त्या दिवशी दारातून आत-बाहेर करत राहिला. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट घरात येऊन बसली, तर तिला बसायला काय द्यावं हे त्याला कळेना.

त्यांचं ठरलं की, जिथे कॅसेट झाली त्याच माळावर चन्नवीरने पुन्हा वाजवायचं. ऐकायला पुण्या-मुंबईहून माणसं येणार, चित्रीकरण होणार. चन्नवीरने अजिनाथच्या बायकोला, केराबाईला फोन लावला. ती त्याच माळावर मेंढरं राखते.

“भावजी, मी कशी यिऊ?” केराबाई म्हणाली. “ते गेल्यापास्नं मेंढरं माजं ऐकत न्हवती. त्यांच्याच हाकंची सवय. आता कुटं जरा वळायला लागल्यात. मी हाक मारते, आली की मूटभर मका चारते, तवा त्यांस्नी इस्वास बसतोय. लांडगा फिरतोय हितं. सांजंला एका हाकंत गोळा न्हाई झाली तर गेलीच म्हना. तुमी वाजवा, मी लांबनं ऐकते.”

चन्नवीर बरं म्हणाला. त्याने ते ऐकलं, पण त्याच्या मनात गेलं नाही. त्याला ती हाक म्हणजे एक सूर होता. मलाही तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी काय बोलणार?

ठरल्या दिवशी उन्हं कलताना माळावर सतरंज्या पसरल्या. मला टेबलावर ठेवून मोठ्या स्पीकरांना जोडलं. चन्नवीरची बोटं आधी अडखळली, मग सापडली. माणसं डोळे मिटून ऐकत होती. इतक्या वर्षांनी आपल्याला कुणी असं ऐकतंय, हे मला खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग चन्नवीरने धरलेला आवाज काढायचं बटण दाबलं आणि मधल्या पट्टीवर बोट ठेवलं. “हुर्रयोऽऽ!” अजिनाथची हाक साऱ्या माळावर पसरली.

आधी घाटा ऐकू आल्या. मग टेकाडावरून मेंढ्या धावत आल्या, अजिनाथने वाढवलेल्या जुन्या मेंढ्या पुढे आणि बाकीचा कळप त्यांच्यामागे. सतरंज्या तुडवत, माणसांमधून वाट काढत त्या स्पीकरांशी येऊन थांबल्या. एकीने माझ्यावर नाक टेकलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर झाले, एक मुलगी तर रडायला लागली.

मेंढ्यांच्या मागून केराबाई आली. तिच्या पायात चप्पल नव्हती, पदर सुटला होता. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत चालली होती.

“कुनी हाक मारली?” ती म्हणाली.

चन्नवीरचा हात पट्टीवरच होता. “वहिनी, पेटी हाय. पेटीतली हाक हाय ती.”

केराबाईने माझ्याकडे पाहिलं. “मी बी आले की पळत,” ती म्हणाली आणि खालीच बसली. टाळ्या थांबल्या.

मानसिंग वाईट मुलगा नाही. पण त्याला फक्त कॅमेरा दिसत होता. तो अदबीने म्हणाला, “मावशी, फारच सुंदर झालं हे. फक्त एकदा पुन्हा करू या का? मेंढ्या येताना कॅमेरा जरा हलला.”

केराबाई त्याच्याकडे पाठ करून वळली. ती चन्नवीरला म्हणाली, “भावजी, हाक मारली आन मूट रिकामी? त्यांनी आसं कदी केलं न्हाई. काय नसलं तर बाभळीच्या शेंगा तरी चारायचे. रिकामी हाक मारली की जनावर दुसऱ्या बारीला येत न्हाई. आता उद्या सांजंला ती माजी वाट बघत्याल का ह्या पेटीची?”

चन्नवीरचं तोंड उतरलं. “चुकलं, वहिनी,” एवढंच तो म्हणाला. पूनमने पिशवीतल्या भाजलेल्या शेंगा काढून त्याच्या ओंजळीत ओतल्या. वाकवत नव्हतं तरी तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने एकेका मेंढीला चारलं. मेंढ्यांनी खाल्लं, पण पुन्हा माझ्याकडेच पाहत राहिल्या.

“ह्यात किती दिस ऱ्हात्याल ते?” केराबाईने विचारलं.

“सेल बदलत गेलो की कायमचं.”

तिने माझ्या पट्ट्यांवरून हात फिरवला. “जलमभर हाकाच मारल्या त्यांनी. उनात मारल्या, घसा बसला तरी मारल्या. आता मेल्यावर बी कुनी बोट ठिवलं की मारायच्या? दमलं आसतील की हो ते. बसू द्या त्यांस्नी.”

चन्नवीरने मला उचललं, पालथं केलं आणि पाठीवरचं झाकण उघडलं. मानसिंग धावत आला. “सर, काय करताय? या एका आवाजासाठी लोक इतक्या लांबून आलेत! जगात दुसरीकडे हा असा नाही!”

“कॅसेटीत हाय की त्यो,” चन्नवीर म्हणाला. “तितं त्यो एकदा बोलून गेलाय. ह्यात अजून राबतोय.”

“थांबा,” केराबाई म्हणाली. “एकडाव मला ऐकवा. पर बारीक करा, मेंढरांस्नी कळू देऊ नका.” चन्नवीरने स्पीकरांच्या तारा सोडवल्या आणि माझा आवाज अगदी कमी केला. केराबाईने माझ्या अंगातल्या छोट्या स्पीकरच्या जाळीला कान लावला आणि आम्हा दोघींवर पदर घेतला. चन्नवीरने चाचपत पट्टी दाबली. पदराखाली अजिनाथने हळूच हाक मारली. केराबाई हळू आवाजात म्हणाली, “व्हय. आले.” मग तिने पदर काढला आणि चन्नवीरने सेल काढले.

दुखलं नाही, मित्रांनो. पण माझ्यातलं सगळ्यात चांगलं जे होतं, ते गेलं. सेल परत घातले तर मी अजूनही वाजते. त्या मधल्या पट्टीवर मात्र आता माझा मूळचा कारखान्यातला सूर आहे, आणि तो मलाच परका वाटतो.

त्यानंतर आमच्यावर बरंच लिहून आलं. कुणी चन्नवीरला अडाणी म्हटलं, कुणी संत. दोन्ही वाचून दाखवल्यावर तो हूं म्हणाला. पूनमने काहीच लिहिलं नाही. ती केराबाईला फोन करून मेंढरांची चौकशी करत राहिली. काही दिवस त्या जुन्या मेंढ्या टेबल ठेवलं होतं त्या जागी जाऊन उभ्या राहायच्या. मग एका सांजेला केराबाईने हाक मारली आणि त्या वळल्या, साऱ्या. तिने फोन करून चन्नवीरला तेवढंच सांगितलं. चन्नवीर ऐकून माझ्याजवळ येऊन बसला. त्याने मला वाजवलं नाही, फक्त टॉवेल नीट केला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी तुम्हाला सांगावं अशी अपेक्षा असते. जपाच. पण वस्तूत कुणाचा आवाज राहिला असेल, तर तो पुन्हा पुन्हा काढायच्या आधी त्याच्या घरच्या माणसांना विचारा. आणि कुणाचं काम तुम्हाला मनापासून आवडलं असेल, तर लेख नंतर लिहा, आधी त्याच्या दारात जाऊन त्याला सांगा. चन्नवीरला ते सांगायला मानसिंग आणि पूनम निदान आले. अजिनाथ गेला, तेव्हा त्याची समजूत अशीच होती की आपली हाक फक्त मेंढरांनी ऐकली.