धाकट्याचा वजनगट

माझे बाबा बॉक्सिंग शिकवतात आणि घरही रिंगसारखंच चालवतात. आम्ही दोघं भावंडं एकाच ताटातलं खाऊन वाढलो. मी कितीही हादडलं तरी काडीपैलवान, आणि धाकटा मात्र सुटतच गेला. बाबांनी निदान ठोकून दिलं की पोरगा चोरून खातो. त्यांनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि वर ते उठताबसता मला पुढे करायचे, "ताईकडे बघ जरा." ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग धाकटा सरावात चक्कर येऊन पडला आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांचं रक्त तपासलं.

"याच्या जनुकात एक फरक आहे," त्या म्हणाल्या. "पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही, म्हणून भूक सरत नाही. अशांना लठ्ठपणाचा धोका जास्त. ताईत तो फरक नाही. तुमच्यात आहे."

"माझ्यात?" बाबा हसले. "मी उभ्या जन्मात कधी वजनगटाबाहेर गेलेलो नाही."

"कसं राखलंत, ते तुम्हालाच ठाऊक," बाई म्हणाल्या. बाबा ताडकन उठून चालते झाले.

काल स्पर्धेच्या निवडीच्या सकाळी धाकटा त्याच्या वजनगटापेक्षा दोन किलो जास्त भरला. बाबांनी त्याला प्लास्टिकचा सूट चढवला आणि व्यायामशाळेतल्या बॉयलरच्या तापलेल्या खोलीत दोरीवरच्या उड्या मारायला लावलं. घाम गाळून वजन उतरवायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. मीही ते केलंय. पण धाकट्याचा घाम आटला होता आणि तो बरळायला लागला होता.

"बाबा, बस करा. मरेल तो."

"नाटकं आहेत सगळी."

त्यांनी त्याच्याकडून दोरी हिसकावली आणि त्याच दोरीनं त्याला फोडून काढलं. पाठीवर, मानेवर, तोंडावर. दोरीच्या लाकडी मुठीनं त्याची भुवई फाटली. "खोट तुझ्यात आहे, माझ्या रक्तात नाही," असं म्हणत ते मारतच राहिले.

माझं डोकं फिरलं. त्यांनीच शिकवलेला उजवा ठोसा मी त्यांच्या जबड्यावर ठेवून दिला. ते भिंतीवर आपटले, सावरले आणि माझ्या अंगावर धावून आले. मी दुसरा पोटात हाणला, तिसरा नाकावर. हाड मोडल्याचं हाताला कळलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. चौथा मारायला मी खाली पडलेल्या बाबांच्या छातीवर बसले, तर धाकटा सरपटत मध्ये आला.

"ताई, नको," एवढंच तो बोलला आणि बाबांच्याच अंगावर कोसळला.

मी बाजूला झाले. बाबांना सूटची चेन काही उघडेना. त्यांनी तो दातांनी फाडला. आम्ही त्याला ओढत बाहेर नेलं आणि मी बादल्यांवर बादल्या ओतल्या. बाबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या नाकातलं रक्त त्याच्या कपाळावर ठिबकत होतं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

"भूक लागलीय का रे?" बाबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आजवर आम्हाला कधी विचारला नव्हता.

धाकटा घाबरला. माझ्याकडे बघत त्यानं हळूच होकाराची मान हलवली.

"मलाही," बाबा म्हणाले. "कायमच लागलेली असते."