काळ्या दगडावरचा चतुर

माझ्या नवऱ्याने, एव्हारिस्तोने, अकरा वर्षं गावच्या तळ्यावर उडत्या चतुराचे फोटो काढले. म्हणजे पाण्याचेच काढले; चतुर त्यात कधी आलाच नाही. अख्ख्या ब्राझीलमध्ये या किड्याला लोक ढुंगणधुव्या म्हणतात, कारण मादी उडता उडता शेपूट पाण्यात बुचकळते. असल्या प्राण्यासाठी एक धडधाकट माणूस तोंड वासून चिखलात बसायचा. तोंड मिटलं की हात हलतो, असं त्याचं शास्त्र होतं. मी पोट धरून हसायचे.

मरायच्या आदल्या दिवशी त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मला नाही जमलं, तुला तर मुळीच जमणार नाही." आयुष्यभर संसार केल्याचं हे बक्षीस. त्याला खोटं पाडायचंच, असा मी चंग बांधला. वर्षभर तळ्यावर गेले. माझ्याकडेही पाण्याचे चारशे फोटो जमले.

काल मृतांचा दिवस. सगळं गाव आपापल्या कबरी धूत होतं. माझी नणंद झुल्मीरा शेवंती घेऊन आली आणि आल्या आल्या सुरू झाली, की दादाच्या कबरीवर पांढरा दगड बसवायला हवा होता. पांढऱ्यावर मळ दिसतो म्हणून मी काळा घेतला होता. तिचं तोंड बंद करायला मी तो मेण लावून इतका घासला की त्यात आभाळ दिसायला लागलं.

आणि एका मूर्ख किड्याला ते तळं वाटलं. लाल चतुर आला, दगडावर कोरलेल्या एव्हारिस्तोच्या नावावर थबकला, गेला, पुन्हा तिथेच आला. किड्यामागे कॅमेरा पळवू नकोस, जागेवर नेम धर, असं एव्हारिस्तो मला सांगायचा आणि स्वतः पळवायचा. मी वाकून गळ्यातल्या कॅमेऱ्याने त्याच्या नावावर नेम धरला आणि थांबले. चौथ्या फेरीला बटण दाबलं.

फोटोत चतुर आला होता: पाय पोटाशी घेतलेले, पंखांची शीर न् शीर स्वच्छ. मी फोटो झुल्मीराला दाखवला. ती चतुराकडे बघतच नव्हती. फोटोत त्याच्या खाली, दगडात, माझं अंधुक प्रतिबिंब पडलं होतं. डोळ्याला कॅमेरा, तोंड सताड उघडं.

"वहिनी," ती म्हणाली, "हा तर दादाच."

त्याला खिजवायला वर्षभर एक वाक्य घोकून ठेवलं होतं. कॅमेरा दगडासमोर धरला आणि मला रडूच फुटलं. तोवर ढुंगणधुव्या परत येऊन त्याच्या नावावर घिरट्या घालत होता.