चौथा कंट्रोलर

बटण दाबताना एक आवाज होतो आणि ते वर येताना दुसरा. पहिला जाड, दुसरा बारीक. दोन्हींमधलं अंतर इतकं कमी असतं की कानाला तो एकच आवाज वाटतो. इंद्रजीत खेळायला बसले की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं : डाव्या अंगठ्याचा एक आवाज, उजव्याचे दोन.

"हाबी उशिराच चालतोय," ते हॉलमधून म्हणाले.

तो तिसरा कंट्रोलर होता. मी पोळी उलटली आणि म्हटलं, परत करू.

आमच्या टीव्हीमागे साबणाच्या वडीएवढा एक छोटा कॉम्प्युटर चिकटवलेला आहे. जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम त्यात चालतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मीच बसवला. माझे मिस्टर इंद्रजीत मूळचे माळशिरसकडचे. शाळेत असताना मामांनी आणून दिलेलं मशीन आणि त्याच्या पिवळ्या पडलेल्या कॅसेटी त्यांनी अजून ट्रंकेत ठेवल्या आहेत. मशीन बंद पडून जमाना झाला, पण ड्युटीवरून आले की ते कधी कधी ट्रंक उघडून कॅसेटी नुसत्या पुसून ठेवायचे. ते बघूनच मला हे सुचलं. पलंग एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या, मध्ये जायचा-यायचा रस्ता. वायर पायात येणार म्हणून वायरलेस कंट्रोलर घ्यायचा ठरलं. हे काम एका दुपारचं आहे असं मला वाटलं होतं.

इंद्रजीत रेल्वेत लोको पायलट आहेत. सोलापूरहून कुर्डुवाडी, दौंडकडे मालगाड्या नेतात. भरलेली मालगाडी ब्रेक लावल्याबरोबर थांबत नाही, पुढे बरंच अंतर जाते. हात किती उशिरा हलला तर ती आणखी किती पुढे जाईल, हे गणित अकरावीतला कुठलाही मुलगा मांडू शकेल. मी अकरावीला फिजिक्स शिकवते. मला ते रोज, नको असताना, मांडता येत होतं.

कारण दिवाळीपासून मी बघत होते. लॉबीकडे, म्हणजे ड्युटीवर हजर व्हायच्या ऑफिसकडे, चालत जाताना त्यांचा डावा हात हलायचा आणि उजवा खिशाजवळ तसाच राहायचा. शर्टाची बटणं ते डाव्या हातानं लावायला लागले होते. चहाचा कपही डाव्या हातात गेला होता. हात थरथरत नव्हता. नुसता मागे राहत होता, बाकीचं शरीर पुढे गेल्यावर आठवण झाल्यासारखा.

एकदा मी म्हटलं होतं, की सिक मेमो, म्हणजे आजारपणाची चिठ्ठी, घेऊन रेल्वेच्या डॉक्टरांना हात दाखवून घेऊ या. त्यांनी सॉक्स चढवता चढवता उत्तर दिलं, की मेडिकल हायच की पुढं, तवा बघतील. लोको पायलटची ठरावीक वर्षांनी तपासणी होते. ती अजून लांब होती. त्यात नापास झालेल्याला इंजिनातून उतरवून टेबलाचं काम देतात. कॉलनीत तसे दोघे आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना इंद्रजीत आवाज खाली आणतात, जणू शेजारच्या खोलीत कोणी आजारी आहे. मी पुन्हा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. आम्ही कंट्रोलरबद्दल बोलू लागलो.

पहिला स्वस्तातला होता, कॉम्प्युटरला डोंगल, म्हणजे लहरी पकडणारी बोटाएवढी पट्टी, लावायचा. दुसरा ब्लूटूथवरचा. तिसराही डोंगलवरचाच, पण त्याच्या दांड्यांत चुंबकाचे सेन्सर होते, ते झिजत नाहीत म्हणे. प्रत्येकाची मूठ वेगळी, बटणांचा ताण वेगळा. इंद्रजीत प्रत्येक कंट्रोलर हातात घेऊन आधी त्याचं वजन जोखायचे, चार दिशांचं बटण फिरवून बघायचे, चांगला हाय म्हणायचे आणि दोन दिवसांनी तो उशिरा चालायला लागायचा.

नवी पेठेतला अमरेश, ज्याच्याकडून आम्ही हे सगळं घेत होतो, तो माझ्या कॉलेजचा जुना विद्यार्थी. म्हणून परत घ्यायचा. पण तोंड बंद ठेवून नाही.

"मॅडम, सासरी नांदत नसलेल्या पोरीसारखा परत येतोय हा माल," तिसरा कंट्रोलर परत करायचाय म्हटल्यावर तो फोनवर म्हणाला. मग खिक्कन हसला. "साहेबांची मालगाडी कुर्डुवाडीला चार-चार तास थांबती, तवा चालतंय. आमच्या कंट्रोलरला मात्र पापणी लवण्याएवढा उशीर चालत न्हाई."

मी हसले. फोन ठेवल्यावर ओटा पुन्हा पुसला, तो स्वच्छच होता.

त्या आठवड्यात माझं कुठेच लक्ष लागत नव्हतं. पेपर तपासायला घ्यायची आणि एका उत्तरावरून दोनदा नजर फिरायची. इंद्रजीत गाडीवर असले की गॅलरीत जाऊन उभी राहायची. क्वार्टरपासून यार्ड जवळ आहे, गाड्यांचे आवाज मला लग्नापासून सवयीचे. आता मात्र डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला की मी मोबाइल बघायची. पोचल्यावर ते एकच शब्द पाठवतात, पोचलो. तो येईपर्यंत भूक लागत नव्हती, आणि आल्यावर राग यायचा. कुणाचा, ते नीट सांगता येत नव्हतं.

शेवटी मी मला जे येतं ते केलं. टीव्हीची चित्र सुंदर करायची सगळी सेटिंगं बंद करून तो गेमच्या मोडवर टाकला, कारण चित्र सजवायलाही टीव्ही वेळ घेतो. डोंगल टीव्हीच्या मागे लोखंडी ब्रॅकेट आणि वायफायच्या डबीमध्ये अडकला होता, तो छोट्या वायरीनं पुढे आणला. मग इंद्रजीत ड्युटीवर असताना मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर टेकवला आणि स्लो मोशनमध्ये चित्रण केलं : माझा अंगठा आणि पडदा, दोन्ही एकाच चौकटीत. आधी वायर लावून, मग बिनवायरीचं. अमरेशकडून जुने दोन कंट्रोलरही दिवसभरासाठी मागून आणले होते.

तिन्ही कंट्रोलर चांगले होते. त्यांच्यात फरक होता, पण तो चित्रफितीत मोजावा लागत होता. माणसाला जाणवण्याइतका नव्हता.

मुलांना मी शिकवते, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या. मी कंट्रोलर बदलत राहिले होते. जे तसंच राहत होतं, ते काय आहे हे मला ठाऊक होतं. निष्कर्ष निघाला होता. त्याचं मी काय केलं, तर अमरेशला फोन करून चौथा मागवला.

तो आला त्या रविवारी महेश्वर घरी आला. महेश्वर म्हणजे इंद्रजीत यांचा असिस्टंट, अक्कलकोटकडचा, तिशीच्या आतला. बऱ्याचदा दोघांची ड्युटी एकाच गाडीवर लागते. आईनं दिलेल्या कडक भाकरीची चळत त्यानं फडक्यात बांधून आणली होती. ती माझ्या हातात देत म्हणाला, "वहिनी, जपून धरा. पडली तर फरशीला चीर जाईल."

तिसरा कंट्रोलर अजून घरातच होता, चौथा नुकताच खोक्यातून निघाला होता. दोन असल्यामुळे इंद्रजीत यांनी मोटारसायकलच्या शर्यतीचा गेम लावला. मी चहा टाकून दारात उभी राहिले.

त्या शर्यतीत सुरुवातीला पडद्यावर तीन दिवे लागतात. लाल, मग पिवळा, मग हिरवा. इंजिनात रेल्वेचा नियम आहे, की सिग्नल दिसला की लोको पायलट आणि असिस्टंट, दोघांनीही तो मोठ्यानं पुकारायचा. एकाला चुकीचा दिसला तर दुसऱ्याला कळावं म्हणून. ती सवय इतकी मुरलेली असते की इंद्रजीत रिक्षात बसल्यावरही चौकातला दिवा पुकारतात. पलंगावर मांडी घालून बसलेले हे दोघे एका सुरात ओरडले, लाल. पिवळा. हिरवा.

हिरवा दोघांच्या तोंडून बरोबरच आला. महेश्वरची मोटारसायकल सुटली. इंद्रजीत यांची तिथेच उभी राहिली, आणि मग सुटली.

"बघितलंस? ह्यो चौथाबी तसलाच," इंद्रजीत म्हणाले आणि त्यांनी कंट्रोलर बदलून घेतले. महेश्वरकडे चौथा गेला, यांच्याकडे तिसरा.

पुन्हा दिवे लागले. पुन्हा दोघांनी एकदम हिरवा पुकारला. पुन्हा महेश्वरच पुढे गेला आणि जिंकला.

"काय सर," महेश्वर हसत म्हणाला, "सिग्नल मिळाला की. गार्डनं झेंडा दाखवायची वाट बघताय का काय?"

हसता हसता त्यानं इंद्रजीत यांच्या हाताकडे बघितलं. आणि थांबला. त्याचं हसू उतरत गेलेलं मी दारातून बघितलं. उजवा अंगठा बटणावर टेकलेला होता, शर्यत संपली तरी अजून दाबलेलाच, आणि आता हळूहळू वर येत होता.

चहा उतू गेला. मी गॅस बंद करून उरलेला चहा कपांत घेऊन परत आले, तोवर तिसरी शर्यत सुरू होत होती.

या वेळी हिरवा पुकारल्यावर महेश्वरची मोटारसायकल हलली नाही. इंद्रजीत यांची सुटली, पुढे गेली. मागून निघालेला महेश्वर पहिल्याच वळणावर खड्ड्यात गेला. आधीच्या दोन्ही शर्यतींत ते वळण त्यानं न बघता घेतलं होतं.

"जिंकलात की सर," तो म्हणाला. "आता बसला हात तुमचा."

इंद्रजीत यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. पडद्यावर त्यांचा मोटारसायकलवाला हात वर करून नाचत होता आणि तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजत होते.

"तू बटन दाबलं न्हाईस."

"दाबलं की. हा कंट्रोलरच जरा—"

"महेश्वर, मी तुझ्या अंगठ्याकडं बघत हुतो."

मी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला.

"गाडीतबी असंच करतोस का?" इंद्रजीत यांनी विचारलं. आवाज चढवलेला नव्हता. प्रश्न ज्या तऱ्हेनं विचारला, त्यावरून मला वाटलं, की तो त्यांनी कितीतरी दिवस बरोबर बाळगला असेल.

महेश्वर फरशीकडे बघत होता. "सर, तुमी सिनियर. तुमच्याकडनं मी काम शिकलो. तुमाला मी काय सांगणार?"

"म्हंजे करतोस."

"दोनदा-तीनदा वाटलं मला. सिग्नल तुमी बरोबर पुकारला, माझ्या आधी पुकारला. ब्रेक मात्र जरा मागनं लागला." तो थांबला. "मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर हात ठेवून बसलो होतो. लावायची येळ आलीच न्हाई कधी. म्हणून बोललो न्हाई."

"तुझ्या बाजूला ब्रेक कशासाठी दिलाय? हात ठेवून बसायला?"

"न्हाई सर."

"आन् उद्या माझ्या जागी दुसरा कोण असता, त्याला बोलला असतास?"

महेश्वरनं मान हलवली. बोलला असता, असं त्या मान हलवण्याचं उत्तर होतं. इंद्रजीत यांच्या चेहऱ्यावर ते जिथे लागलं ती जागा मला दिसली. गेममध्ये एक पोरगा आपल्याला जिंकू देतो, हे एक वेळ हसून सोडता आलं असतं. पण याच पोरानं इंजिनातही मान राखला होता, आणि तिथे मान राखत बसणं म्हणजे अपघाताला बोलावणं, हे त्यांनीच त्याला शिकवलेलं होतं.

आता मला गप्प बसता येईना.

"अहो, चारही कंट्रोलर चांगले आहेत," मी म्हटलं. "पहिले तीन मी मोजून बघितले होते. चौथा मागवायच्या आधीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग चौथा कशाला मागवला, सुकन्या?"

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते चांगलं नव्हतं. "तुम्हाला सांगायला लागू नये म्हणून."

महेश्वरनं चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. इंद्रजीत यांनी उजवी मूठ मिटली, उघडली. परत मिटली. डाव्या हाताची मिटून बघितली. हात असा मागे पडू लागला की डॉक्टर हेच करायला सांगतात, मी वाचलं होतं. त्यांनीही कुठेतरी वाचलेलं असावं. म्हणजे आम्ही दोघंही एकमेकांना चुकवून एकच गोष्ट वाचत होतो.

तेवढ्यात इंद्रजीत यांचा फोन वाजला. त्यावर लॉबीचं नाव होतं. रविवार असो, सण असो, गाडी तयार झाली की लॉबीतून असा कॉल येतो आणि आमच्या घरात लगेच डबा भरायला घेतला जातो. सवयीनं मी वळलेही. महेश्वरनं आपला फोन चाचपला, पुढचा कॉल त्यालाच येणार होता.

इंद्रजीत यांनी फोन वाजू दिला. मला वाटलं, ते उचलतील आणि हो म्हणतील, आणि मग मी काय करायचं. दारात आडवं उभं राहायचं का? लॉबीत जाऊन सांगायचं? नवऱ्याच्या मागे त्याच्या ऑफिसात जाऊन त्याचा हात चालत नाही म्हणून सांगणारी बायको मी होऊ शकेन का, हे मला त्या क्षणी ठरवायचं होतं आणि ठरत नव्हतं.

त्यांनी फोन डाव्या हातात घेतला, कानाला लावला. पलीकडचा क्लार्क सवयीच्या घाईनं गाडीचा नंबर आणि वेळ सांगत होता. तो मलाही ऐकू येत होता. इंद्रजीत यांनी त्याचं सगळं बोलून होऊ दिलं.

"लिहू नका माझं नाव," ते म्हणाले. मग घसा साफ केला आणि सिग्नल पुकारतात त्यापेक्षा खूप हळू, पण स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मला सिक मेमो पायजे. रेल्वेच्या डॉक्टरला उजवा हात दाखवायचाय. ते सांगस्तवर मी गाडी चालवणार न्हाई."