डोंगा सोडायला कोणी सांगितलं

चौऱ्याऐंशी सालच्या भादव्यात वैनगंगेत डोंगा उलटला आणि कांताचा आठ वर्षांचा भाऊ गुलाब वाहून गेला. डोंग्यात चौघंच होती. कांता, गुलाब, त्यांचा बाप हरिदास आणि डोंगा चालवणारा लच्छू. चामोर्शीच्या बाजारातून घरी परतत होती. मधल्या धारेत एक अख्खं झाड वाहत आलं आणि डोंग्याच्या कुशीवर आदळलं. लच्छूने कांताचं मनगट धरलं ते काठ लागेपर्यंत सोडलं नाही. हरिदास एका फळीच्या आधाराने निघाला. गुलाब दुसऱ्या दिवशी खालच्या गावाच्या वाळूत सापडला.

काठावर पडलेला लच्छू पाणी ओकत होता, त्याला उभंही राहता येत नव्हतं. धावत आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, पिऊन आहे. गुलाबला माती देईपर्यंत ते सगळ्या गावाच्या तोंडी झालं होतं. लच्छूने ते खोडून काढलं नाही. पोर त्याच्या डोंग्यातून गेलं होतं.

खरं काय ते कांताला ठाऊक होतं. लच्छू त्या दिवशी थेंबही प्यायला नव्हता. तो डोंगा सोडायलाच तयार नव्हता. "पानी चढून राह्यलं, हरिदासभाऊ, आज चामोर्शीतच राहा," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बाकीची माणसं, सगळी परगावची, त्याचं ऐकून मागे फिरली होती. पण हरिदासच्या घरी संध्याकाळी प्रार्थनेची बैठक होती. "देव आहे ना आपला. सोड डोंगा, मी सांगतो ना!" तो म्हणाला आणि स्वतःच आत जाऊन बसला. गावातल्या पाच ख्रिस्ती घरांचा तो वडील माणूस. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, एरवी रविवारची उपासना हरिदासच चालवायचा. त्याचा शब्द लच्छूलाही मोडवला नाही.

कांताला तेव्हा अठरावं लागलं होतं. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिने स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देऊन बाप्तिस्मा घेतला होता. आता रविवारी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत, तेव्हा पुढे उभ्या असलेल्या बापाचा आवाज ऐकून तिचा स्वतःचा आवाज बंद पडायचा. आई बायनाबाई तिच्या शेजारी बसून असायची, डोळे मिटलेली, ओठ न हलवता. लच्छूचं नाव निघालं की ती एवढंच म्हणे, "त्याचं तळपट होवो."

दिवाळीच्या आधी गावात बोलणं सुरू झालं, की सरपंच मुखरूभाऊ बैठक घेणार, डोंग्याचं काम दुसऱ्याकडे देणार आणि लच्छूला घाटावर पाय ठेवू देणार नाहीत. लच्छूच्या घराला दुसरा आधार नव्हता. कांता ठमाबाईंकडे गेली. ठमाबाई विधवा, मिशनच्या दवाखान्यात पूर्वी आया होत्या. बाप्तिस्म्याआधी तरुण पोरांना शास्त्र त्यांनीच शिकवलं होतं. कांताने त्यांना सगळं सांगितलं.

"बापाशी बोललीस?" ठमाबाईंनी विचारलं.

"नाई."

"मंग पहिले माझ्याकडं काऊन आलीस? त्याच्याकडं जा. एकटी जा. चारचौघांत त्याले उघडं पाडू नको, पन खोटंही चालू देऊ नको."

"दोन्ही कसं जमन, बाई?"

धान पाखडणारे ठमाबाईंचे हात सुपात थांबले. "मले नाई मालूम, पोरी. प्रार्थना करू आपून."

दोघींनी गुडघे टेकले. ठमाबाई खूप वेळ बोलत होत्या. कांता उठली तेव्हा तिला काही उमगलं नव्हतं, छातीवरचं ओझंही तसंच होतं. तरी ती तिथून थेट शेतात, बापाच्या धानाच्या बांधीवर गेली.

हरिदास बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसला होता. "बाबा," ती म्हणाली, "लच्छूकाका प्यायला नव्हता."

तो धुऱ्यावरचं गवत उपटत राहिला.

"तो नाई म्हणत होता, बाबा. तुमी..."

"मले सांगतेस?" तो ओरडला आणि लगेच त्याचा आवाज बसला. "तुया मायनं आता कुठी दोन घास खाल्ले. तिले जाऊन सांगू का, तुया लेकराले मीच पान्यात नेलं म्हनून? मरन तुयी माय."

"त्याचंही घर आहे, बाबा."

हरिदास उठला आणि धानातून चालत दूर गेला. कांता धुऱ्यावर रडत राहिली. बापाची तिला कीव येत होती आणि रागही येत होता. यातलं खरं कोणतं, हे तिलाच कळत नव्हतं.

बैठक शाळेच्या पडवीत भरली, दिवस मावळायच्या आधी. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्यात बायनाबाई. हरिदास मागे, खांबाजवळ. लच्छू बाहेर पायऱ्यांवर, मान खाली घालून. मुखरूभाऊंनी विचारलं, "कोनाले काई सांगाचं आहे?" ते पुढचं बोलणार एवढ्यात कांता उभी राहिली.

"लच्छूकाका पिऊन नव्हता. मी त्याच्या जवळ बसून होती. त्यानं माया हात सोडला नाई, म्हनून मी जित्ती आहो."

पडवीत कुजबुज झाली. बायनाबाईने लेकीकडे रोखून पाहिलं.

"पिऊन नव्हता ना?" मुखरूभाऊ म्हणाले. "मंग एवढ्या पान्यात डोंगा काऊन सोडला त्यानं? कोनी सांगितलं त्याले?"

कांताने तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं. तिने बापाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांनीच पाहिलं असतं. ती जमिनीकडे बघत उभी राहिली. मनात एकच म्हणत होती, प्रभू, त्याला उठव.

"बोल ना वं," कोणीतरी म्हणालं.

मग मागून हरिदासचा आवाज आला. "तिले नका विचारू. मी सांगितलं."

तो उभा होता, खांबाला धरून. "लच्छू नाई म्हनत होता. मीच देवाचं नाव घेऊन त्याले भरीस घातलं. तो पिऊन नव्हता. लोक म्हनत होते अन् मी आयकून चूप राह्यलो."

पायऱ्यांवर लच्छूने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बायनाबाई उठली, पदर सावरला आणि कोणाकडेही न बघता घरी चालती झाली.

लच्छूचा घाट राहिला. पण हरिदासच्या घरात त्यानंतर बोलणं उरलं नाही. बायनाबाई त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हती, कांताशी कामापुरतंच. हरिदासने पाळकसाहेबांना सांगून उपासना चालवणं सोडलं आणि रविवारी तो दाराजवळ, सगळ्यांच्या मागे बसू लागला. मोठ्या मावशीने कांताला तोंडावर सुनावलं, "पोरगा गेला तं गेला, तू घरही मोडलं." खरं बोलल्यावर मन हलकं होईल अशी कांताची समजूत होती. तसं झालं नाही. पहाटे उठून ती पाणी भरायची, भाकरी टाकायची, बापाला वाढायची, मग आईजवळ जाऊन बसायची. कधी प्रार्थना यायची, कधी नुसतं रडू. ठमाबाई दुपारी येत, बायनाबाईबरोबर धान निवडत बसत आणि काहीही न शिकवता परत जात.

धानाची मळणी आटोपल्यावर एका सकाळी बायनाबाई म्हणाली, "चाल, बाजाराले जाऊ." कांता बघतच राहिली. गुलाब गेला त्या दिवसापासून आई नदीकडे फिरकली नव्हती.

घाटावर लच्छू एकटाच होता. बायनाबाईला पाहून तो डोंग्यातून उतरला आणि बाजूला उभा राहिला. नदी आता उथळ झाली होती, मधे वाळू दिसत होती.

बायनाबाईने विचारलं, "त्याचा आवाज आला होता का तुले?"

लच्छूने हातातलं वल्हं वाळूत टेकवलं. मग तो म्हणाला, "आला होता, बाई. माय म्हनून ओरडला. मी वळलो, पन एका हातात कांता होती, पोहाले हात एकच मोकळा होता."

बायनाबाई पाण्याकडे बघत उभी राहिली. कांताने तिचा दंड धरला होता. इतक्या महिन्यांत हे आईला कोणी सांगितलं नव्हतं; विचारायला तिनेही तोंड उघडलं नव्हतं.

"माय म्हनला," ती हळूच म्हणाली. मग कांताच्या खांद्यावर भार देऊन तिने एक पाय डोंग्यात टाकला. "हळू ने, लच्छू," ती म्हणाली. "अन् संध्याकाळी आमाले आनाले ये. घरी तिच्या बाबाले जेवाले वाढाचं आहे मले."