मागून येणारी नदी

सैन्यात असताना बाबांना एक खोड लागली, ती कायमची. हुकूम दिला की ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. निवृत्तीनंतर पंपांच्या कारखान्यात ते मोठे साहेब झाले, तेव्हा फोरमन त्यावरून त्यांची नक्कल करायचे; वर्षभरात तेच फोरमन आपापल्या माणसांना "परत सांग" म्हणू लागले. मग निवडणूक जिंकून बाबा नगराध्यक्ष झाले. लेकीला वाटलं, आता सुटेल खोड. राजकारणात सगळ्यांना बोलायचं असतं, ऐकायला वेळ कुणाला?

त्या दुपारी ती बाबांची विसरलेली औषधाची गोळी द्यायला सभागृहात आली, कडेवर सात महिन्यांची छोटी. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. चार वाजता धरणाचे दरवाजे उघडणार होते. त्याआधी नदीकाठची चारशे घरं रिकामी व्हायला हवी होती आणि लोक हलायला तयार नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते.

"सगळ्यांनी बाजाररस्त्याने शाळेत जायचं," बाबा म्हणाले. "परत सांगा."

कुणी सांगेना. मागून कुणीतरी ओरडलं, "मेजर, ही तुमची पलटण नाही हो!"

हशा पिकला. लेकीने बाबांकडे पाहिलं. आता बाबांचा आवाज चढला तर लोक उठून जातील, आणि जातील ते थेट घरी.

तेवढ्यात कोपऱ्यावरची इस्त्रीवाली आजी गर्दी सारत पुढे आली. "तुम्हाला नुसतं बोलता येतं. कान काय भाड्याने दिलेत? चाळीस वर्षं राहते मी नदीकाठी. नदी आमच्याकडं समोरून येतच नाही, मागून येते. बाजारातल्या गटारातून. आधी तोच रस्ता बुडतो."

हातातला कागद बाबांनी टेबलावर ठेवला आणि ताठ उभे राहिले, वरिष्ठासमोर राहावं तसे.

"आजी, परत सांगतो, चुकलं तर थांबवा. मला नुसतं बोलता येतं. मी कान भाड्याने दिलेत."

सभागृह पुन्हा हसलं, पण या वेळचं हसू निराळं होतं.

"नदी मागून येते, गटारातून. आधी बाजाररस्ता बुडतो. बरोबर?"

"बरोबर," आजी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

बाबा शेजारी उभ्या असलेल्या नगरपालिकेच्या इंजिनिअरकडे वळले. त्याने नकाशा उलगडला, गटाराच्या तोंडापाशी बोट टेकवलं आणि त्याचा चेहरा पडला. "तोंड पुराच्या पातळीच्या खाली आहे, साहेब. पाणी उलटं चढणार."

"म्हणजे माझा हुकूम चुकला," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आजी, वाट तुम्ही सांगा."

"घाटामागची चढण, थेट शाळेपाशी निघते. पण म्हाताऱ्यांना उचलावं लागेल."

"उचलू."

खुर्च्या सरकल्या. कुणीही परत सांगायला सांगितलं नव्हतं, तरी दारापर्यंत एकच शब्द पोचत गेला: चढण, चढण, चढण.

छातीवरची पदकं लेकीने पाहिली होती, विजयाचे हारही. पण बाबा इतके उंच तिला कधी दिसले नव्हते.

साडेचारला ती शाळेच्या व्हरांड्यात उभी होती. खाली बाजाररस्ता नव्हताच; तिथे तपकिरी पाणी दुकानांच्या पाट्यांखालून धावत होतं. चढणीवर सगळ्यात शेवटी बाबा येत होते, कुणाच्या तरी आईला पाठीवर घेऊन, आणि ती म्हातारी त्यांना सावकाश चालायला दटावत होती.

लेकीने छोटीला खांद्यापर्यंत उचलून धरलं. तिला यातलं काही आठवणार नव्हतं. तरी दिसू दे, म्हणून.