नारळ उभा राहिला

"उटला! उटला की ओ!" जोतीराम ओरडला.

मृत्युंजयच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ सावकाश वर येत होता. बांधावर जमलेली माणसं श्वास रोखून बघत होती. शेंडी आभाळाकडे झाली तसा मृत्युंजय थांबला, त्यानं डोळे मिटून घेतले आणि पायाखालच्या जागेवर टाच रोवली. नारळाखालचं मधलं बोट कधी आणि किती उचलायचं, हे त्याला आता विचार न करताही जमत होतं.

जोतीरामची बायको चिमणाबाई पुढं झाली. तिनं त्या जागेवर हळदकुंकू वाहिलं आणि वाकून नमस्कार केला.

"सायब, पाणी लागंल न्हवं?"

"लागेल. दोनशे फुटांच्या आत."

हातकणंगल्याजवळचं ते माळरान. २००४ सालचा मे महिना होता आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. जोतीरामच्या गोठ्यातल्या पाच म्हशींपैकी दोन विकून झाल्या होत्या. टँकरच्या पाण्यावर माणसं कशीबशी निभावत होती, पण उरलेली जनावरं राखायची तर बोअर मारल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"सर, चहा."

मृत्युंजय दचकला. या भागात त्याला सगळे सायब म्हणत. समोर विशीतली एक मुलगी कपबशी घेऊन उभी होती.

"तुम्ही मला नाही ओळखणार. मी वर्षाराणी. तुम्ही आमच्या हायस्कूलला आला होता, मी आठवीत होते तेव्हा. किल्लारीच्या भूकंपाचं सांगितलं होतं."

"माजी पोरगी," जोतीराम अभिमानानं म्हणाला. "हैदराबादला शिकती. ते जमिनीच्या पोटातलं काय हाय ते."

"जिओफिजिक्स," ती म्हणाली. "सरांच्यामुळंच गेले मी."

मृत्युंजयला ते व्याख्यान आठवलं. तेव्हा तो हैदराबादला संशोधन करत होता आणि सुट्टीला घरी आला होता. शाहूपुरीतल्या रुद्राप्पांचा, पंपाच्या दुकानदाराचा हा मुलगा. भूकंप झाला त्या वर्षी कॉलेजच्या पोरांबरोबर तो किल्लारीला दगड उपसायला गेला होता. तिथं पडलेल्या घरापुढं बसलेल्या एका म्हातारीनं त्याला विचारलं होतं, "हे आधी कळत न्हाई का रे बाबा?" त्या एका प्रश्नानं त्याला घरापासून इतक्या लांब नेलं. शाळेतल्या पोरांना तो म्हणाला होता, जमीन कधीच गप्प नसते, ऐकायला यंत्र लागतं. आणि नारळानं पाणी शोधणाऱ्यांची नक्कल करून त्यानं सगळ्यांना हसवलं होतं.

पुढं रुद्राप्पांचं अंग लुळं पडलं. संशोधन अर्धवट टाकून तो परत आला. वडील गेले, दुकान बंद पडलं. मग जुनं यंत्र घेऊन तो पाणी शोधायची कामं करू लागला. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, तारा जोडून वीज सोडायची, खडक तिला किती अडवतो ते मोजायचं. सुरुवातीला तो ऊन खात तासन् तास मोजत बसे. लोक मात्र विचारत, "नारळ न्हाय आणला?" आणि दुसऱ्या दिवशी नारळवाल्या पिराजीला बोलावत. शेवटी त्यानंही नारळ धरला. आधी यंत्रानं जागा काढायची, मग लोकांच्या समाधानासाठी नारळ फिरवायचा. यात कुणाची फसवणूक नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. दिवाळीत यंत्र बंद पडलं. त्यानंतर तो नुसता नारळ फिरवू लागला; यंत्र का नाही, असं एकानंही विचारलं नाही.

"मशीन गाडीत आहे ना सर?" वर्षाराणीनं विचारलं. "मी काढते. खुंट्या मी ठोकते."

"आणलं नाही आज."

"मग रीडिंग आधीच घेतलंय?"

"बिघडलंय ते."

तिनं मान खाली घातली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिलाच लाजल्यासारखं झालं होतं, आणि ते त्याला बघवेना.

"जोतीरामभाऊ, दोन दिवस थांबा," तो घाईनं म्हणाला. "मशीन लावून खात्री करू."

"आता कशाची खात्री? नारळ उभा ऱ्हायला की! बोअरची गाडी शेजारच्या गावात आलीया. उद्या हितलं झालं की ती निघाली सांगलीकडं."

खरं सांगायची वेळ हीच होती. बांधावर अख्खी भावकी उभी होती. मृत्युंजयनं चहा संपवला आणि कपबशी तिच्या हातात दिली.

मंगळवार पेठेतल्या घरी येऊन त्यानं यंत्र उघडलं. बॅटरीला जोडलेल्या तारेच्या टोकावर हिरवा गंज चढला होता. पॉलिश पेपरनं घासल्याबरोबर काटा हलला. एवढंच होतं. तो कितीतरी वेळ त्या काट्याकडं बघत बसला.

सकाळी तो रानात पोचला तेव्हा बोअरची गाडी आली होती आणि माणसं पाइप उतरवत होती. वर्षाराणीनं तारेचं रीळ उचललं. दोघांनी हळदकुंकवाच्या जागेवर तारा ताणल्या, मग खाली ओढ्याच्या अंगाला. वरच्या जागेचे आकडे बघून तीच हळू आवाजात म्हणाली, "सर, इथं खाली अखंड खडक आहे."

"हो. ओढ्याकडं फुटलेला वाटतो, भेगांत पाणी असू शकेल."

तो जोतीरामकडं गेला. "इथं नका मारू. खालच्या अंगाला मारा. मशीन वेगळं सांगतंय."

"सायब, काल देवानं दावलं, आज तारा काय सांगत्यात? पूजा झालीया हितं."

"आप्पा, ऐका की त्यांचं," वर्षाराणी म्हणाली.

"तू गप ग. सायबांनीच दावलीया न्हवं जागा?"

मृत्युंजय पुन्हा एवढंच म्हणाला, "मशीन वेगळं सांगतंय." तेवढ्यात गाडीवाल्यानं इंजिन सुरू केलं.

दुपारपर्यंत भोकातून नुसती पांढरी भुकटी उडत राहिली. बांधावर, गोठ्याच्या पत्र्यावर, म्हशींच्या पाठीवर तिचा थर बसला. पाणी लागल्याचा चिखल काही आला नाही. शेवटी गाडीवाल्यानं मान हलवली आणि पाइप वर ओढायला लावले.

मृत्युंजय खाली मान घालून उभा होता. जोतीरामनं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सायब, मनाला लावून घिऊ नका. तुमचा काय दोस न्हाय. आमच्या बायकूनंच काल पूजंच्या जागंवर पाय दिला आसंल. तिला कवाच धड काय जमत न्हाय."

चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला. आपल्या हातून खरंच तसं झालं असावं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"वहिनींचं काही चुकलं नाही," मृत्युंजय म्हणाला. "नारळ मी उठवला. बोटानं."

जोतीरामला कळेना. मृत्युंजयनं पिशवीतून नारळ काढला, तळहातावर आडवा ठेवला आणि सगळ्यांदेखत उभा केला. मग पुन्हा आडवा केला, पुन्हा उभा केला.

"आनि आमच्या थोरल्या भावाच्या रानात नारळानंच पाणी दावलं न्हवं?"

"तिथं आधी मशीन लावलं होतं. इथं नाही लावलं."

भावकीतलं कुणीतरी शिवी हासडली. जोतीराम मात्र भुकटीच्या ढिगावर बसला आणि गोठ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "भावकीला तुमचं नाव सांगून पोरीला शिकाय धाडली ओ मी."

थोड्या अंतरावर वर्षाराणी तार गुंडाळत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

"ओढ्याकडं पाणी लागायची शक्यता आहे," मृत्युंजय म्हणाला. "खात्री देता येणार नाही."

"गाडी निगाली," जोतीराम म्हणाला.

गाडी खरंच वळून रस्त्याला लागली होती. माणसं एकेक करून पांगली. मृत्युंजयनं खुंट्या उपटून पिशवीत भरल्या. त्याच्या केसांवर, भुवयांवर भुकटी बसली होती. घसा इतका कोरडा पडला होता की त्याला गिळताही येत नव्हतं.

चिमणाबाई घरातून आली. टँकर येऊन दोन दिवस झाले होते. रांजणाच्या तळाला वाटीनं खरवडून तिनं तांब्या भरला होता.

"घ्या," ती म्हणाली.

"नको, वहिनी."

ती हात पुढं करून उभीच राहिली. शेवटी त्यानं तांब्या घेतला, आणि एक घोट पिऊन, पाणी सांडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.